आकाशातून पडणाऱ्या दगडांची यादी करणारा ‘टाइम्स’चा संपादक, ज्याला १८५७ नं खुर्ची सोडायला लावली

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवतेय? विदर्भापासून खानदेशापर्यंत लोक गच्चीवर उभे राहून मोबाईल वर धरत होते. आकाशात पेटत्या ठिणग्यांची रांग सरकत होती. पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उल्का पडली’ सुरू झालं. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी रिंग सापडली आणि कळलं, की ही उल्का नाही, रॉकेटचा कचरा आहे.

आता विचार करा. मोबाईल नाही, फोटो नाही, रेल्वेसुद्धा नाही. अशा काळात आकाशातून काही पडलं, तर त्याची खात्री कोण करणार? नोंद कोण ठेवणार?

तेव्हा हे काम मुंबईत बसून एक माणूस करत होता. तो काही खगोलशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. ‘बॉम्बे टाइम्स’चा, म्हणजे आजच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा संपादक होता. नाव जॉर्ज बुइस्ट.

त्याची गोष्ट सांगायची, तर दोन्ही बाजूंनी सांगावी लागते. मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासात त्याचं नाव आदरानं येतं. १८५७ च्या इतिहासात मात्र तेच नाव वेगळ्या कारणानं येतं.

स्कॉटलंडचा पोरगा मुंबईत कसा आला?

बुइस्टचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतला, स्कॉटलंडमधल्या टॅनाडिस गावचा. घर चर्चशी जोडलेलं, वडील धर्मोपदेशक. सेंट अँड्र्यूज आणि एडिनबर्ग इथं त्याचं शिक्षण झालं. घरच्या वाटेनं गेला असता तर तोही चर्चमध्येच रमला असता. पण त्याला दोन गोष्टींची चटक लागली, वर्तमानपत्राची आणि दगडांची.

डंडी, पर्थ या भागातली वर्तमानपत्रं त्यानं चालवली. सोबत भूगर्भशास्त्राचा अभ्यास चालूच होता. कुठल्या डोंगरात कुठला खडक, तो कसा तयार झाला, हे बघत फिरणं हा त्या काळातला मोठा छंद होता. पदवी असो वा नसो, हातोडा आणि वही असली की माणूस भूगर्भशास्त्रज्ञ.

इकडे मुंबईत ३ नोव्हेंबर १८३८ ला ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा निघायचं. पहिला संपादक ब्रेनन लवकरच वारला आणि जागा रिकामी झाली. १८३९ मध्ये बुइस्टची निवड झाली आणि पुढच्या वर्षी तो मुंबईत येऊन थडकला. पुढची सतरा-अठरा वर्षं हे वर्तमानपत्र म्हणजे बुइस्ट, असं समीकरण झालं.

संपादक आणि वेधशाळा? हे काय प्रकरण?

आज हे विचित्र वाटेल, पण त्या मुंबईत ते नवं नव्हतं. मराठीतले आद्य पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांनीही ‘दर्पण’ काढला आणि कुलाब्याच्या वेधशाळेतही काम केलं. पुढे टिळक-आगरकरांचे शिक्षक म्हणून गाजलेले गणिती केरूनाना छत्रे हे तर ऐन पोरवयात, १८४० च्या आसपास याच वेधशाळेत नोकरीला लागले होते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये कुलाब्याला उभी केली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. १८४२ मध्ये तिचा कारभार बुइस्टकडे आला. दिवसा अग्रलेख लिहायचे आणि सोबत हवेचा दाब, तापमान, भरती-ओहोटी, चुंबकसुईची हालचाल यांचे आकडे बघायचे, असा त्याचा संसार चालला होता.

या आकड्यांचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुइस्टच्या हातून वेधशाळा गेल्यावरही मोजणीची शिस्त टिकली. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरून निघालेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं. आज त्याला ‘कॅरिंग्टन घटना’ म्हणतात. तेव्हा चुंबकसुईनं जी उडी घेतली, तिची जगातली सगळ्यात महत्त्वाची नोंद कुलाब्याच्या वहीत सापडली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ती पुन्हा उघडून वादळाची ताकद मोजली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. ती आजही तिथं चालू आहे.

मग दगड कुठून आले?

बुइस्टला याद्या करायचा नाद होता. भारतात कुठं मोठ्या गारा पडल्या, त्याची यादी. भारताच्या भूगोलावर आणि पुराणवस्तूंवर कुणी काय लिहिलंय, त्याची यादी. ही दुसरी यादी तर १८५२ मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली. आणि १८५० च्या सुमारास बॉम्बे जिओग्राफिकल सोसायटीच्या अंकात आली ती भारतात दिसलेल्या ठळक उल्का आणि अग्निगोलांची यादी. या सोसायटीचा सचिवही तोच होता.

त्या काळात या यादीला किंमत का होती, हे समजायला थोडं मागं जाऊ.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातले बहुतेक विद्वान आकाशातून दगड पडतात हेच मानायला तयार नव्हते. खेडूतांनी सांगितलं की हे हसायचे. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन माणसानं जुन्या नोंदी गोळा करून पुस्तक लिहिलं, की हे दगड पृथ्वीबाहेरून येतात. त्याचीही टिंगल झाली. मग १९ डिसेंबर १७९८ ला आपल्याकडे बनारसजवळ क्राखुत गावी दगडांचा पाऊस पडला. तिथले तुकडे लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानं १८०२ मध्ये दाखवून दिलं, की वेगवेगळ्या देशांत पडलेल्या या दगडांची घडण सारखीच आहे आणि त्यांच्यातल्या लोखंडात निकेल आहे. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावावर जवळपास तीन हजार दगड पडले, तेव्हा कुठं वाद मिटला.

म्हणजे दगड पडतात हे ठरलं. पण कुठून येतात, किती येतात, वर्षाच्या ठरावीक दिवसांतच जास्त का येतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर मिळवायचा एकच मार्ग होता, नोंदी गोळा करा. तारीख, वेळ, दिशा, किती सेकंद दिसलं, आवाज दिसण्याबरोबर आला की नंतर. दोन लांबच्या गावांतून एकाच अग्निगोलाची दिशा कळली, तर तो किती उंचीवर होता हे साध्या भूमितीनं काढता येतं. एका गावची नोंद म्हणजे किस्सा, दहा गावच्या नोंदी म्हणजे विज्ञान.

आणि देशभरातल्या बातम्या कुणाच्या टेबलावर येतात? संपादकाच्या.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक बॅडन पॉवेल हेच काम जगभरासाठी करत होते. हो, स्काउट चळवळ काढणाऱ्या बॅडन पॉवेलचे वडील. त्यांच्या यादीत मुंबईच्या डॉ. बुइस्टनं पाठवलेल्या नोंदी आहेत. याआधीच, १८४६ मध्ये, बुइस्टला रॉयल सोसायटीचं फेलो करण्यात आलं होतं. त्याच वर्षी तो मुंबईचा शेरीफही झाला.

महाराष्ट्रात तेव्हा काय पडत होतं?

बरंच काही. ६ जून १८३८ ला वऱ्हाडात चंदकापूरला दगड पडले. २९ जून १८४३ ला खानदेशात एदलाबादजवळच्या मानेगावला एक दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर.

या मानेगावच्या दगडाची जात फार दुर्मीळ आहे. त्याला डायोजेनाइट म्हणतात. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणाऱ्या ‘व्हेस्टा’ या मोठ्या लघुग्रहाच्या कवचातून असे दगड निघतात, असं शास्त्रज्ञ मानतात. २०११-१२ मध्ये नासाचं ‘डॉन’ यान व्हेस्टाभोवती फिरून आलं आणि या अंदाजाला बळ मिळालं. म्हणजे जे बघायला नासानं यान पाठवलं, त्याचा तुकडा १८४३ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या शेतशिवारात आपणहून आला होता. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचा मूठभरही भाग उरलेला नाही.

आपल्याकडे अडचण अजून एक आहे. महाराष्ट्र हा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा प्रदेश. अगदी आमच्या वरसाव्याच्या आसपासच्या डोंगरात फिरलात तरी पायाखाली काळा, जड दगड मिळेल. लोक त्याला चुंबक लावतात, तो थोडा चिकटतो आणि पोस्ट पडते, ‘उल्का सापडली’. पण बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक लागणं हा पुरावा नाही. नुकत्याच पडलेल्या अशनीवर जळालेली पातळ काळी साल असते, आतला रंग बहुतेकदा फिकट असतो आणि तपासल्यावर निकेलयुक्त लोखंडाचे कण दिसतात. काळ्या दगडांच्या मुलखात बाहेरून आलेला काळा दगड ओळखायचा, तर तो पडताना कुणीतरी पाहिलेला आणि लिहून ठेवलेला असणं हाच मोठा आधार.

शाळा, म्युझियम आणि १८५७

बुइस्ट इथंच थांबला नाही. रस्त्यावरच्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना हातकाम शिकवावं म्हणून १८५० मध्ये त्यानं मुंबईत एक उद्योगशाळा काढली. डेव्हिड ससून यांच्या देणगीनंतर तिला त्यांचं नाव मिळालं. माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ती हीच.

१८५० च्या दशकात फोर्टमधल्या टाऊन बॅरॅकमध्ये सरकारी म्युझियम आकाराला येत होतं. खनिजं, शेतमाल, कारागिरीच्या वस्तू तिथं जमत होत्या. त्याची जबाबदारीही बुइस्टकडे होती.

मग १८५७ उजाडलं.

उत्तरेत उठाव पेटला आणि मुंबईत गोऱ्यांची झोप उडाली. बॅरॅक सैनिकांसाठी हवी म्हणून म्युझियम घाईघाईनं रिकामं केलं गेलं, त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. ज्या माणसानं आयुष्यभर गोळा करण्यावर भर दिला, त्याच्या हातातला संग्रह असा उधळला गेला.

पण त्याच वर्षी बुइस्टनं स्वतः जे केलं, ते जास्त गंभीर होतं. ‘बॉम्बे टाइम्स’मधून त्यानं हिंदी लोकांविरुद्ध जहरी लिखाण सुरू केलं. कडक सूड घ्या, दयामाया नको, असा त्याचा सूर होता. १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन सैनिकांना मुंबईच्या एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, तोफेच्या तोंडी दिलं गेलं. नाना शंकरशेट यांच्यासारख्या माणसावरही सरकारनं संशय घेतला. अशा वातावरणात शहरातलं मोठं इंग्रजी वर्तमानपत्र आगीत तेल ओतत होतं.

बुइस्टच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. वर्तमानपत्राचे मालक म्हणजे शेअरहोल्डर, आणि त्यांत पारशी आणि इतर हिंदी मंडळी होती. आपल्याच पैशानं आपल्यालाच शिव्या का खायच्या, असा त्यांचा सवाल होता. वर्षाच्या अखेरीस त्यांनी सूर बदलायला सांगितलं. बुइस्ट बधला नाही. शेअरहोल्डरांनी त्याला काढलं आणि रॉबर्ट नाईटला संपादक केलं. हिंदी लोकांची बाजू मांडणारा आणि सरकारला जाब विचारणारा संपादक म्हणून हा नाईट पुढे गाजला. १८७५ मध्ये त्यानंच कलकत्त्यात ‘स्टेट्समन’ काढला.

बुइस्टनं चिडून ‘बॉम्बे स्टँडर्ड’ नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र सुरू केलं. गंमत बघा, तेही लवकरच ‘बॉम्बे टाइम्स’मध्येच विलीन झालं आणि १८६१ मध्ये या सगळ्या विलीनीकरणांतून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव आलं. ते बघायला बुइस्ट नव्हता. १८५९ मध्ये त्याला अलाहाबादच्या सरकारी छापखान्याचं काम मिळालं होतं. १ ऑक्टोबर १८६० ला, कलकत्त्याला जाणाऱ्या जहाजावर त्याचा मृत्यू झाला.

मागं काय उरलं?

म्युझियम पुन्हा उभं राहिलं, तेही हिंदी लोकांच्या पुढाकारानं. जॉर्ज बर्डवूडसोबत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी पैसे आणि माणसं जमवली. २ मे १८७२ ला भायखळ्याला ते खुलं झालं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. ज्यांच्याविरुद्ध बुइस्टनं विष ओकलं, त्यांनीच त्याचं अर्धं राहिलेलं काम पूर्ण केलं.

आणि दगड? बॅडन पॉवेलनंतर उल्कांच्या यादीचं काम इंग्लंडमधल्या आर. पी. ग्रेग या हौशी संग्राहकानं पुढे नेलं. त्याचा अशनींचा खासगी संग्रह १८६५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासाठी, म्हणजे जीएसआयसाठी विकत घेतला गेला. भारताच्या राष्ट्रीय अशनी-संग्रहाचा पाया असा एका छंदिष्टाच्या कपाटातून आला. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोल भागात भरदुपारी दगड पडले, तेव्हा तुकडे गोळा करायला जीएसआयचीच माणसं पोचली. गावकऱ्यांनी वेळ आणि जागा नीट सांगितली, म्हणून तो पाडाव आज जगाच्या यादीत आहे.

बुइस्टला मोठा म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. शेकडो मैलांवरच्या गावात क्षणभर चमकलेल्या उजेडाची नोंद त्याला खरी आणि मोलाची वाटायची. त्याच गावांत राहणारी माणसं १८५७ मध्ये का पेटून उठली, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. त्याची यादी आजही वापरता येते. त्याचे अग्रलेख कुणाला आठवावेसेही वाटत नाहीत.

पुढच्या वेळी आकाशात काही पेटतं दिसलं, तर व्हिडिओ जरूर काढा. पण सोबत वेळ, तुम्ही कुठं उभे होता, ते कुठल्या दिशेकडून कुठं गेलं आणि आवाज किती सेकंदांनी आला, हेही लिहून ठेवा. दगड सापडला तर तो फोडू नका, धुऊ नका, कोरड्या कागदात गुंडाळा आणि तहसीलदारांमार्फत जीएसआयला कळवा. मानेगावसारखा तो पुन्हा मूठभर उरायला नको.