दोन इंच फोम आणि एक बोगदा

मंडळाच्या या अंकासाठी प्रत्येकानं एका दिवंगत व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी कवी आणि लेखक निवडले. मी मधू दंडवते हे नाव दिल्यावर दोघातिघांनी विचारलं, साहित्याच्या विद्यार्थिनीला रेल्वेमंत्री कशाला हवा? उत्तर अगदी साधं आहे. मी डिचोलीची. सुट्टी लागली की मुंबईहून रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी थिवीला उतरायचं आणि अस्नोडामार्गे घर गाठायचं, हा माझा तीन वर्षांचा क्रम आहे. ज्या फळीवर मी झोपते ती मऊ आहे ते या माणसामुळे, आणि ज्या रुळांवरून ती फळी धावते ते रूळ तिथे आहेत त्यातही या माणसाचा मोठा वाटा आहे. ते गेले तेव्हा मी काही महिन्यांची होते. त्यांचं नाव मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. उलट आमच्या घरात या रेल्वेबद्दल फारसं चांगलं बोललंच जायचं नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला झाला. मुंबईत त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढे बरीच वर्षं सिद्धार्थ कॉलेजात तोच विषय शिकवला. ऐन विशीत, १९४२ च्या आंदोलनात ते ओढले गेले आणि मग समाजवादी चळवळीतच राहिले. वर्गात प्रकाशाचे नियम शिकवायचे आणि संध्याकाळी सभेला जायचं, असं ते आयुष्य होतं.

गोव्याशी त्यांचा संबंध रेल्वेच्या कितीतरी आधीचा. १९५५ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध भारतातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या, त्यातल्या एका तुकडीचं नेतृत्व दंडवत्यांनी केलं आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पेडण्यातल्या पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. आज मुंबईकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच पत्रादेवीला गोव्यात शिरतो. आपण बसमध्ये पेंगत असतो आणि हुतात्मा स्मारक खिडकीतून मागे जातं.

दंडवते मुंबईत राहणारे, नगरचे. ते कोकणाचे खासदार झाले त्याला निमित्त एका मृत्यूचं होतं. राजापूर मतदारसंघाचे खासदार नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये अकाली गेले. नाथ पै वेंगुर्ल्याचे, आणि कोकणात रेल्वे यावी हा त्यांचा ध्यास होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत दंडवते तिथून उभे राहिले, निवडून आले आणि पुढे १९८९ पर्यंत ओळीनं पाच वेळा येत राहिले. नाथ पैंच्या जागेबरोबर रेल्वेची मागणीही त्यांच्याकडे आली.

ही मागणी किती जुनी आणि किती खरी होती हे आज आपल्याला कळत नाही. कोकणातला तरुण गिरणीत कामाला मुंबईला जायचा आणि घर मनीऑर्डरवर चालायचं. गणपतीला गावी यायचं तर एस.टी.त रात्र काढायची, नाहीतर बोट. पेडणे आणि डिचोलीचंही तेच. गोव्यात रेल्वे होती, पण ती मुरगावहून कुळेमार्गे घाट चढणारी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि पोर्तुगीजांच्या सोयीनं बंदर आणि घाटमाथा जोडण्यासाठी टाकलेली. उत्तर गोव्याला तिचा उपयोग नव्हता. मुंबईहून रूळ दक्षिणेला यायचे ते आपट्यापर्यंत, आणि पुढे शेकडो किलोमीटर काहीच नाही. दिल्लीतलं उत्तर ठरलेलं असायचं: डोंगर फार, नद्या फार, खर्च फार, उत्पन्न कमी.

मग आणीबाणी आली. जून १९७५ मध्ये दंडवत्यांना बंगळूरला अटक झाली. त्याच तुरुंगात वाजपेयी आणि अडवाणीही होते. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याला. दोघं दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. सुटका झाली, निवडणुका झाल्या, आणि मार्च १९७७ मध्ये तुरुंगातून आलेला हा प्राध्यापक देशाचा रेल्वेमंत्री झाला.

त्यांची कारकीर्द जेमतेम सव्वादोन वर्षांची, पण तिच्यातल्या दोन गोष्टी मला फार मोठ्या वाटतात. पहिली, मे १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांची नोकरी गेली होती त्यांना त्यांनी परत घेतलं. दुसरी, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायचं ठरवलं. त्याआधी मऊ गादी ही पहिल्या वर्गाची चैन होती. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती वर्गभेद नसलेली गाडी. नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून (म्हणजे बघा, साहित्याशी संबंध आहेच!). हळूहळू देशभरच्या गाड्यांत लाकडी फळ्या गेल्या. आरक्षण संगणकावर आणण्याच्या विचारालाही त्यांच्याच काळात सुरुवात झाली. समाजवाद म्हणजे काय यावर आम्हाला एक अख्खा पेपर आहे. पण चोवीस तास बसून प्रवास करणाऱ्या माणसाच्या पाठीला लाकूड लागू नये, ही व्याख्या मला त्या पेपरपेक्षा लवकर समजली.

कोकणच्या रेल्वेला मात्र ते तेव्हा फार पुढे नेऊ शकले नाहीत. आपट्याहून रोह्यापर्यंतच्या टप्प्याला त्यांनी चालना दिली, पण जुलै १९७९ मध्ये सरकारच गेलं. रोह्याला रूळ पोचायला १९८६ उजाडलं. याच वेगानं गेलो असतो तर थिवीला गाडी बघायला मी म्हातारी झाले असते.

खरी किल्ली सापडली १९८९ च्या डिसेंबरात. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एक कोकणचा खासदार, दुसरा मूळचा मंगळूरचा. रेल्वेमार्गाची दोन टोकं एकाच मंत्रिमंडळात बसलेली! अडचण पैशांची होती. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळत राहिले असते तर काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं असतं. म्हणून वेगळी वाट काढली गेली. स्वतंत्र कंपनी काढायची, तिच्या भांडवलात केंद्राबरोबर चार राज्यांनीही पैसे घालायचे आणि उरलेला पैसा रोखे विकून बाजारातून उभा करायचा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले. १५ सप्टेंबरला रोह्याला कामाचा पाया घातला गेला.

नोव्हेंबरमध्ये हेही सरकार पडलं. १९९१ मध्ये राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पाडलं. ज्या रेल्वेसाठी वीस वर्षं घालवली तिचं काम सुरू असताना ते घरी बसले. पण महामंडळ कायद्यानं उभं होतं, रोखे विकले जात होते, त्यामुळे मंत्री बदलले तरी काम थांबलं नाही.

काम थांबलं ते गोव्यात. आणि इथे माझ्या घरातली गोष्ट येते.

माझे शापाय, म्हणजे आईचे वडील, दिवाडीचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या रेल्वेमार्गाला जोरदार विरोध झाला, त्यात ते होते. मार्ग दाट वस्तीतून आणि खाजन जमिनींतून जाणार होता, जुन्या गोव्याच्या चर्चेसच्या बाजूनं जाणार होता. खाजन म्हणजे बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेली शेती. तिथे मातीचा उंच भराव घातला की पाण्याची वाट बदलते. पर्यावरणवाले, गावकरी, चर्चमधली माणसं एकत्र आली. रेल्वे नको असं फार थोडे म्हणत होते, बहुतेकांचं म्हणणं मार्ग पूर्वेला, आतल्या भागातून न्या असं होतं. १९९३ मध्ये केंद्रानं गोव्यातलं काम काही काळ थांबवलं, चौकशी केली, आणि शेवटी मार्ग बहुतांशी तोच राहिला. शापायना वाटायचं की दिल्लीत आधीच ठरलं होतं, विचारलं फक्त नावाला.

मी डिचोलीची असल्यामुळे मला याची दुसरी बाजूही दिसते. मार्ग आतून गेला असता तर कदाचित आमच्या गावाजवळ स्टेशन असतं. डिचोली गावात आजही रेल्वे नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं धावले ते खनिजाचे ट्रक. म्हणजे जिथे नको होती तिथून गाडी गेली, आणि जिथे चालली असती तिथे ती आलीच नाही. दंडवते हे लोकांना विचारून राज्य करावं असं मानणारे, त्यासाठी तुरुंगात गेलेले. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला माझ्या आजोबांनी विरोध केला तोही लोकशाहीच्याच नावानं. यात चूक कोण, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

पेडण्याच्या मातीनंही त्रास दिला. पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरचा, पण आतली माती इतकी मऊ की खणावं आणि कोसळावं. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या घरात पूल, आणि सगळं अडलं ते या एका बोगद्यापाशी. तो पुरा झाला तेव्हा, जानेवारी १९९८ मध्ये, अख्खा मार्ग सुरू झाला. १ मेला तो राष्ट्राला अर्पण केला पंतप्रधान वाजपेयींनी, म्हणजे बंगळूरच्या तुरुंगातल्या सोबत्यानं. माती अजून पुरती शांत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा भाग पडला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी भरलं. दोन्ही वेळा गाड्या बंद किंवा दुसऱ्या मार्गानं.

कर्जाचंही तसंच. रोख्यांमुळे मार्ग झटपट झाला, पण व्याजाचं ओझं महामंडळाच्या डोक्यावर बरीच वर्षं राहिलं. बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, म्हणून आपण क्रॉसिंगला तासन्‌तास थांबतो. आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याचा विषय पुढे सरकला आहे. पेडण्यात महामार्ग रुंद झाला, मोपाला विमानतळ झाला. प्रत्येक वेळी जमीन कुणाची, पैसा कुणाचा आणि विचारलं कुणाला, हे तीन प्रश्न तेच.

दंडवते पुढे १९९६ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. प्रमिलाताई २००१ च्या शेवटच्या दिवशी गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवतेही गेले. विज्ञानाच्या या प्राध्यापकानं देहदान केलं होतं.

शापाय आजारी पडले तेव्हा त्यांना उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं. विमान परवडत नव्हतं आणि बसमध्ये त्यांना बसवत नव्हतं. करमळीला गाडीत चढवलं, खालची फळी मिळाली होती. मी लहान होते, समोरच्या फळीवर आईच्या कुशीत. पेडण्याचा बोगदा आला, खिडकी काळी झाली, तेव्हा ते जागे होते. गादीवरून हात फिरवत होते. रेल्वेबद्दल त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत, नंतरही नाही. मत बदललं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि मीही त्यांच्या वतीनं तसं म्हणणार नाही. पण त्या रात्री त्यांना झोप लागली.