मुकडेनच्या प्लेग परिषदेचे अध्यक्ष डॉ. वू लिएन-तेह

मांचुरियातील मुकडेन शहरात, म्हणजे आजच्या शेनयांगमध्ये, ३ एप्रिल १९११ रोजी एक आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. विषय होता प्लेग. त्याआधीच्या हिवाळ्यात या रोगाने मांचुरियात सुमारे साठ हजार बळी घेतले होते. अकरा देशांचे प्रतिनिधी जमले होते. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगच्या जंतूचा शोध घेणारे जपानचे कितासातो, रशियाचे झाबोलोत्नी, अमेरिकेचे रिचर्ड स्ट्राँग अशी त्या काळातील मातब्बर मंडळी त्यांत होती. या सर्वांच्या सभेचे अध्यक्षपद मात्र अवघ्या ३२ वर्षांच्या डॉ. वू लिएन-तेह यांच्याकडे होते.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेल्या पेनांग बेटावर झाला. वडील चीनमधून येऊन स्थायिक झालेले सोनार होते. शालेय परीक्षेत मिळालेल्या क्वीन्स शिष्यवृत्तीमुळे १८९६ मध्ये त्यांना केंब्रिजला जाता आले. तेथे वैद्यकाचे शिक्षण घेणारे ते चिनी वंशाचे पहिले विद्यार्थी मानले जातात. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात प्रशिक्षण घेतल्यानंतर लिव्हरपूल, पॅरिसची पाश्चर संस्था आणि जर्मनीतील हाले येथे त्यांनी जंतुशास्त्राचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी अफूच्या व्यसनाविरुद्ध चळवळ उभारली आणि अफूच्या व्यापारावर गबर झालेल्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे चीनच्या बादशाही सरकारने त्यांना तिएनत्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात उपसंचालक म्हणून बोलावले. चिनी वंशाच्या या डॉक्टरांना तेव्हा उत्तर चीनची भाषाही नीट येत नव्हती.

डिसेंबर १९१० मध्ये उत्तर मांचुरियातील हार्बिन येथे माणसे पटापट मरू लागल्याच्या बातम्या पेकिंगला पोहोचल्या. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असा हा क्रम होता. वू २४ डिसेंबरला हार्बिनला दाखल झाले. शहराला लागून असलेली फुजियाडियन ही दाट चिनी वस्ती साथीचे केंद्र बनली होती. तेथील खाणावळ चालवणारी एक जपानी स्त्री दगावल्याचे कळताच, २७ डिसेंबर रोजी त्यांनी तिचे शवविच्छेदन केले. मृतदेहाची चिरफाड चिनी समाजाला मान्य नव्हती, त्यामुळे हे काम गुपचूप उरकावे लागले. फुप्फुसांत, हृदयात, यकृतात आणि प्लीहेत प्लेगचे जंतू आढळले. रोग प्लेगच होता, याविषयी शंका उरली नाही.

खरा वाद त्यापुढे होता. प्लेग म्हणजे उंदीर आणि पिसवा हे समीकरण तोपर्यंत पक्के झाले होते. ते पक्के होण्यात मुंबईचा वाटा मोठा होता. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकटल्यानंतर मुंबई ही या रोगाच्या अभ्यासाची जणू प्रयोगशाळाच झाली. परळ येथे १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधकांनी आजारी उंदरावरील पिसू माणसाला चावल्याने गाठीचा प्लेग होतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले. साहजिकच हार्बिनमध्येही उंदीर मारावेत, असा अनेकांचा कल होता. वू यांना मात्र येथे वेगळेच चित्र दिसत होते. रुग्णांच्या जांघेत वा काखेत गाठी नव्हत्या. आजार फुप्फुसांचा होता. कडाक्याच्या थंडीत बंद खोल्यांत दाटीवाटीने झोपणाऱ्या मजुरांमध्ये तो एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. हा रोग खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाला होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षावर उपाययोजना अवलंबून होती. उंदीर दोषी असतील तर उंदीर पकडायचे. माणसाचा श्वास दोषी असेल तर माणसे एकमेकांपासून दूर ठेवायची आणि तोंड झाकायचे. वू यांनी कापूस आणि जाळीदार कापडाच्या घड्यांची साधी, स्वस्त मुखपट्टी तयार करवून घेतली. मेस्नी नावाचे अनुभवी फ्रेंच डॉक्टर तेथे आले, तेव्हा त्यांना हे पटले नाही. गाठीच्या प्लेगचा अनुभव पाठीशी असलेल्या मेस्नींनी तरुण चिनी डॉक्टरच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला. वू यांनी राजीनामा देऊ केला. सरकारने वू यांचीच बाजू घेतली. मेस्नी मुखपट्टी न लावता रशियन रुग्णालयात रुग्ण तपासण्यास गेले आणि काही दिवसांतच, ११ जानेवारी १९११ रोजी, प्लेगनेच मरण पावले. त्यानंतर हार्बिनमध्ये मुखपट्टीची थट्टा करणारे फारसे कोणी उरले नाही.

वस्तीचे चार विभाग करून ये-जा रोखण्यात आली, घरोघर तपासणी सुरू झाली आणि रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना रेल्वेच्या मालडब्यांत वेगळे ठेवण्यात आले. मात्र जमीन गोठल्याने दफन अशक्य झाले होते आणि दोन हजारांहून अधिक शवपेट्या व मृतदेह उघड्यावर पडून होते. पूर्वजांच्या देहाविषयी पराकोटीचा आदर बाळगणाऱ्या समाजात सामुदायिक दहन ही अकल्पनीय गोष्ट होती. वू यांनी थेट बादशाही दरबाराची परवानगी मागितली. ती मिळताच ३१ जानेवारी रोजी, चिनी नववर्षाच्या सणातच, चिता पेटल्या. रुग्णसंख्या उतरणीला लागली आणि १ मार्चला फुजियाडियनमधील शेवटच्या रुग्णाची नोंद झाली.

महिनाभरानेच भरलेल्या मुकडेनच्या परिषदेत चीनची प्रतिष्ठा पणाला लागली होती. मांचुरियावर रशिया आणि जपान या दोघांचाही डोळा होता. साथ आवरण्यास चीन असमर्थ आहे, असे ठरते तर हस्तक्षेपाला आयते निमित्त मिळाले असते. अशा वेळी वू यांना जगासमोर ठेवता येण्याजोग्या गोष्टी होत्या त्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष, मृत्यूंच्या नोंदी आणि उपायांनंतर घटलेली रुग्णसंख्या. साडेतीन आठवडे बैठकी चालल्या. साथीच्या काळात तपासलेल्या हजारो उंदरांमध्ये प्लेग आढळला नव्हता, ही बाब समोर आली. रुग्ण खोकतो तेव्हा त्याच्यासमोर धरलेल्या काचपात्रांत जंतू वाढतात, हे स्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टीग यांनी प्रयोगाने दाखवले होते. मुंबईत प्लेगवर काम केलेले पेट्री हे ब्रिटनच्या वतीने उपस्थित होते. मुंबईचे संशोधन चुकीचे ठरले नाही. गाठीच्या प्लेगपुरते ते खरेच राहिले. फुप्फुसाच्या प्लेगची चाल वेगळी आहे, एवढेच मुकडेनने निश्चित केले. २८ एप्रिल रोजी परिषद संपली, तेव्हा माणसाकडून माणसाला होणारा संसर्ग आणि मुखपट्टी व विलगीकरणाचे महत्त्व यांवर तज्ज्ञांचे एकमत झाले होते.

साथीचा उगम कोठे, हा प्रश्न उरला होता. कातड्यासाठी शिकार होणाऱ्या तार्बगान या बिळात राहणाऱ्या प्राण्यावर संशय होता. त्याच वर्षी झाबोलोत्नी यांच्या पथकाला आजारी तार्बगानमध्ये प्लेगचा जंतू सापडला. परिषदेनंतर १९१२ मध्ये उत्तर मांचुरियात कायमस्वरूपी प्लेग प्रतिबंधक सेवा स्थापन झाली आणि तिची धुरा वू यांच्याकडे आली. १९२०-२१ मध्ये फुप्फुसाचा प्लेग पुन्हा उफाळला, पण या वेळी यंत्रणा सज्ज होती. मृतांची संख्या सुमारे नऊ हजारांवर थांबली. फुप्फुसाच्या प्लेगवरील त्यांचा ग्रंथ राष्ट्रसंघाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. १९३० मध्ये ते चीनच्या राष्ट्रीय विलगीकरण सेवेचे प्रमुख झाले आणि १९३५ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नामांकन झाले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर वू मलायात परतले आणि इपोह येथे सामान्य डॉक्टर म्हणून रुग्ण तपासू लागले. १९५९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, २१ जानेवारी १९६० रोजी, पेनांग येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे सहा दशके त्यांचे नाव प्रामुख्याने वैद्यकाच्या इतिहासकारांपुरते राहिले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुखपट्टी जगभर घरोघरी पोहोचली, तेव्हा हार्बिनच्या त्या हिवाळ्याची आठवण पुन्हा निघाली. मुकडेनला जमलेल्या तज्ज्ञांनी अध्यक्षांचे वय वा वंश न पाहता त्यांनी मांडलेला पुरावा पाहिला, हे त्या परिषदेचे वैशिष्ट्य होते. आणि तो पुरावा साथीच्या मध्यभागी उभे राहून, जीव धोक्यात घालून गोळा केलेला होता, हे वू लिएन-तेह यांचे मोठेपण होते.