प्रेतात विष सापडलं नाही, तरीही पुण्याच्या डॉ. लागूची फाशी कायम राहिली

प्रेतात विष मिळालं नाही, तर विषप्रयोगाचा खून सिद्ध होतो का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत नेला तो पुण्याच्या डॉ. अनंत चिंतामण लागूने.

लागू आणि त्याचा भाऊ, दोघंही पुण्यात डॉक्टर. शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे लागूच्या पेशंट. विधवा, घरचं बरं, मधुमेह आणि टीबीने त्रासलेल्या. औषधपाणी करता करता लागू घरातलाच होऊन बसला.

12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री, मुंबईत तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून तो त्यांना रेल्वेने घेऊन निघाला. पहाटे बाई बेशुद्ध. जी. टी. हॉस्पिटलात त्याने त्यांचं नाव खोटं लिहवलं. दुपारच्या आत बाई गेल्या. प्रेत न्यायला कुणी आलं नाही. पोस्टमॉर्टेम झालं थेट 23 तारखेला. विष नाही. कारण लिहिलं, डायबेटिक कोमा.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येत होती : दुसरं लग्न केलंय, जयपूरजवळ राहते. पत्रं बनावट होती आणि बाईंचा पैसा लागूकडे जात होता.

1958 ला अटक झाली. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टात लागूचा मुद्दा साधा होता : विषच नाही, तर खून कसला? हॉस्पिटलच्या केस पेपरवर लघवीत ॲसिटोन असल्याची नोंद होती. मधुमेहाच्या बेशुद्धीत ते सापडतं, म्हणजे मृत्यू नैसर्गिक! पण ती तपासणी झालीच नव्हती, नोंद मागाहून घातली, असं कोर्टाला दिसलं.

14 डिसेंबर 1959 ला निकाल लागला, दोन विरुद्ध एक. न्या. हिदायतुल्ला आणि न्या. एस. के. दास यांनी लागूचं आधीचं आणि नंतरचं वागणं एकत्र पाहिलं. पेशंटचं नाव लपवणारा, प्रेत बेवारस सोडणारा, मेलेल्या बाईच्या नावाने पत्रं पाठवणारा डॉक्टर निर्दोष कसा? अपील फेटाळलं.

न्या. ए. के. सरकार यांना हे पटलं नाही. लागू लबाड होता, पण बाई आजाराने गेल्या आणि त्याने त्याचा फायदा उठवला, असंही घडू शकतं, हे त्यांचं म्हणणं. फाशीच्या खटल्यात हा मुद्दा किरकोळ नव्हे.

पुढे 1984 मध्ये पुण्याच्याच सारडा खटल्यात सुप्रीम कोर्टाने विषाच्या पुराव्याच्या अटी कडक केल्या. तो आरोपी सुटला.