तानाजी मालुसरे : चरित्र आणि शस्त्रविद्या

ऐतिहासिक चरित्रे वाचताना नायकाच्या मृत्यूविषयी पुष्कळ आणि त्याच्या शिक्षणाविषयी अत्यल्प माहिती हाती लागते, असा अनुभव आपणांस वारंवार येईल. तानाजी मालुसरे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 1670 मधील एका रात्रीची त्यांची झुंज घराघरांत ठाऊक आहे; परंतु त्या झुंजीसाठी लागणारा हात त्यांनी कोणत्या वस्तादापाशी तयार केला, हे बखरकाराने सांगितलेले नाही. तरीही त्या शिक्षणाचा माग काही अंशी काढता येतो. प्रस्तुत विभागात तोच प्रयत्न केला आहे.

परंपरेनुसार मालुसरे घराणे साताऱ्याजवळील गोडोलीचे. तानाजींच्या वडिलांचे नाव काळोजी. पुढे तानाजी पोलादपूरजवळील उमरठ येथे, मामा शेलार यांच्या छायेत वाढले, असे मानले जाते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख सावित्री नदीचा. महाडच्या बंदरातून निघालेला माल येथूनच घाटवाटांनी देशावर चढे. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तोवर या भागावर मोऱ्यांचा अंमल होता. अरुंद खिंडी, दाट रान आणि उभे चढ अशा प्रदेशात लांब भाल्यापेक्षा हातघाईचे शस्त्र अधिक उपयोगी पडते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना लागणाऱ्या प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाच्या भेटीत जे घडले, त्यातही बिचव्यासारखे आखूड शस्त्रच निर्णायक ठरले.

अशी शस्त्रे चालविण्याचे शिक्षण मराठी मुलखात तालमीत मिळे. ‘तालीम’ आणि ‘वस्ताद’ हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले. पहिल्याचा मूळ अर्थ शिक्षण, दुसऱ्याचा गुरू. नाटकाच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो, हे येथे ध्यानात घ्यावे. या विद्येत शिकाऊ गड्याच्या हाती आरंभीच धारदार पाते देत नाहीत. तलवारीऐवजी कातड्याने मढविलेली काठी, म्हणजे गदका, आणि ढालीऐवजी फरी देऊन वार व अडवणूक यांचा सराव करवून घेतात. जंबियाच्या म्हणजे सुरीच्या खेळातही सराव लाकडी सुरीनेच होतो. त्याहीआधी शिकवायचा तो पवित्रा : पाय कोठे टाकावा, अंगाचा तोल कसा राखावा, प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावर नजर कशी खिळवावी. सुरीचे अंतर तलवारीहून कमी असल्याने तेथे पायाची चूक थेट अंगावर येते. उजवा हात वार करतो म्हणून नवशिक्याचे सारे लक्ष उजव्या हाताकडे असते. डावा हात जागा ठेवायला शिकविणे हेच वस्तादाचे खरे काम. पुढील प्रसंग समजण्यास ही गोष्ट आवश्यक आहे.

तानाजींच्या स्वभावाची एक खूण ‘शिवभारत’ या परमानंदकृत संस्कृत काव्यात सापडते. 1661 मध्ये संगमेश्वर येथे शृंगारपूरच्या सूर्यरावाने रात्री छापा घातला. पिलाजी नावाचा सरदार पळू लागला, तेव्हा तानाजींनी त्याला पकडून आणून दोराने एका दगडाला बांधले आणि मग स्वतः शत्रूशी झुंज दिली. पवित्रा मोडू न देण्याची ही तऱ्हा थोडी कठोर, काहीशी विनोदीही वाटते. पण तीत धाडसाइतकीच शिस्त आहे.

1665 च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला होता. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी निवडक मावळ्यांसह त्याचा कडा चढले. पोवाड्यातील घोरपड सर्वश्रुत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ती नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या या बखरीत दुसराच, अधिक मोलाचा तपशील आहे. किल्लेदार उदेभान याच्याशी लढताना तानाजींची ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली व त्यावर वार झेलले. दोघेही ठार झाले. हा तपशील सामान्यतः शौर्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो शिक्षणाचाही पुरावा आहे, असे आम्हांस वाटते. ढाल गेल्यावर न शिकलेला माणूस मागे सरतो किंवा दोन्ही हातांनी तलवार धरतो. डाव्या हाताला अडवणुकीची वर्षानुवर्षांची सवय असल्यावाचून तो हात अंधारात, क्षणार्धात, फरीचे काम करू लागत नाही. ज्या वस्तादाचे नाव बखरीत नाही, त्याची शिकवण या एका वाक्यात उतरली आहे.

वस्तादाचे नाव शिष्याने स्वतः लिहून ठेवल्याचे ठळक उदाहरण मराठीत बऱ्याच उशिराचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त आपण लहुजी यांच्यापाशी दांडपट्टा व निशाणबाजी शिकल्याची नोंद केली. पुरंदरच्या पायथ्याच्या साळवे घराण्यातील लहुजींची तालीम पुण्याच्या गंज पेठेत होती. मांग समाजातील या वस्तादाचे नाव ग्रंथात येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तालमीतील ज्ञान हातातून हातात जाई आणि ते देणारे बहुधा लेखणीपासून दूर ठेवलेल्या समाजांतील असत. तानाजींच्या वस्तादाविषयीच्या मौनामागे हेही एक कारण संभवते.

तानाजींचा देह राजगडाकडून मढे घाटाने खाली कोकणात उमरठला आणला गेला, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी तेथेच असून शेजारी शेलारमामांची समाधीही दाखविली जाते. ज्या विद्यार्थ्यांना शक्य असेल त्यांनी पोलादपूरहून उमरठला जाऊन ती पाहावी. तसेच ‘पवित्रा घेणे’, ‘तालीम देणे’, ‘जिभेचा दांडपट्टा चालविणे’ यांसारखे शस्त्रविद्येतून आलेले आणखी पाच वाक्प्रचार आपल्या परिसरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत नोंदवावेत व प्रत्येकापुढे तो सांगणाऱ्याचे नाव लिहावे.