डोंबिवली स्टेशनवर सुचलेलं गणित

तुमच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्या. चारही सारखे नसले म्हणजे झालं. त्या आकड्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच. शून्य आलं तरी सोडायचं नाही, आकडे चारच हवेत. ठाण्याला लोकलमध्ये शिरताना सुरू केलंत तर डोंबिवली यायच्या आत ६१७४ वर पोचलेले असाल. आणि एकदा पोचलात की सुटका नाही. ७६४१ वजा १४६७, उत्तर परत ६१७४!

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हे होतंच. जगभर या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. प्रोग्रामिंग शिकताना ‘दिलेली संख्या कापरेकर संख्या आहे का ते तपासा’ हा प्रोग्राम अनेकांनी लिहिलेला असतो. नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो. आणि हा माणूस तर आपल्याच भागातला.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, १९२९ मध्ये पदवी. पुढे एमएस्सी नाही की पीएचडी नाही. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये मास्तर म्हणूनच रिटायर झाले.

शाळा सुटली की त्यांचा खेळ सुरू व्हायचा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! अशा संख्या म्हणजे कापरेकर संख्या. १२ ला त्याच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ३ ने, भाग जातो. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. १५ मध्ये त्याचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ तयार होते. पण २० अशा रीतीने कुठल्याच संख्येतून तयार होत नाही. मग ती ‘स्वयंभू’. देवळातल्या मूर्तीसाठीचा शब्द या मास्तरांनी आकड्याला लावला.

आता कल्याण-डोंबिवलीकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. १६५ बघा. कडेचे १ आणि ५ मिळवा, मधला ६ येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन वेळा ५. अशा संख्यांचा विचार त्यांना जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनवर सुचला, त्याचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं: ‘डेम्लो’. हे डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली! ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, हीसुद्धा याच घराण्यातली मंडळी.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. पण गणितातल्या बऱ्याच मोठ्या लोकांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. लोक हसायचे. कापरेकर तरीही पदरचे पैसे खर्चून परिषदांना जात राहिले, स्वतःच पुस्तिका छापत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने गणिती कोड्यांच्या आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तोवर त्यांची सत्तरी आली होती. पत्नी १९६६ मध्येच गेली होती आणि पेन्शन पुरत नसल्यामुळे ते शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये ते गेले.

याचा उपयोग काय, हा प्रश्न इंजिनीअरिंगवाल्यांच्या मनात येणारच. परीक्षेला येणार का? प्लेसमेंटला विचारतात का? खरं सांगायचं तर ६१७४ ने कुठलंही मशीन चालत नाही. पण ती तिथेच का थांबते, हे शोधून बघा. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला, आणि मधल्या दोन अंकांमधला. म्हणून हजारो संख्यांमधून पहिल्याच फटक्यात फक्त ५४ उत्तरं उरतात. त्या ५४ वाटा तपासल्या की कोडं सुटलं. भलामोठा प्रश्न बारीक करून हातात घेणं, हे तर इंजिनीअरचं रोजचंच काम. कापरेकरांनी ते कागद-पेन्सिलवर केलं, मार्क मिळणार नाहीत हे माहीत असून.

तुमच्या ग्रुपला आज एक चॅलेंज द्या. त्यांचं जन्मवर्ष १९०५ घ्या आणि वजाबाक्या सुरू करा. सातच्या सात लागतात.