टोकियोनं नकार दिला, तरी सुगिहारा व्हिसा देतच राहिले

परदेशात पासपोर्ट हरवला, पाकीट मारलं गेलं की माणूस आधी आपल्या देशाचा दूतावास गाठतो. पण आपला देशच नकाशावरून पुसला गेला असेल तर कुणाचं दार वाजवायचं?

जुलै 1940 मध्ये लिथुआनियातल्या कौनास शहरात हजारो लोकांपुढं हाच प्रश्न होता. जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला होता. तिथून जीव मुठीत धरून पळालेले ज्यू इथं येऊन अडकले. आता लिथुआनियाही सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला होता आणि परदेशी कचेऱ्यांना गाशा गुंडाळायला सांगण्यात आलं होतं. पश्चिमेला हिटलर. वाट उरली होती फक्त पूर्वेची, रशिया ओलांडून जपानला जाण्याची.

म्हणून गर्दी जमली ती जपानच्या वाणिज्य दूतावासाबाहेर. आत होते 40 वर्षांचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा.

अडचण अशी की जपानमार्गे पुढं जायचा व्हिसा हवा, तर शेवटचा मुक्काम कुठं हे दाखवावं लागायचं. इथं मदतीला आले यान झ्वार्टेंडिक. फिलिप्स कंपनीत काम करणारा हा माणूस नेदरलँड्सचा मानद वाणिज्यदूत होता. कॅरिबियनमधल्या कुरासाव या डच वसाहतीत जायला व्हिसा लागत नाही, असं ते कागदपत्रांवर लिहून द्यायचे. तिथं उतरायला गव्हर्नरची परवानगी लागते, हे मात्र त्यांनी मुद्दाम गाळलं.

सुगिहारांनी टोकियोला तीनदा विचारलं. पुरेसे पैसे आणि पुढच्या देशाची परवानगी नसेल तर व्हिसा द्यायचा नाही, हेच उत्तर आलं. तरीही ते लिहायला बसले. दिवसभर, हातानं, एकामागून एक व्हिसा. सप्टेंबरच्या सुरुवातीला कौनास सोडेपर्यंत हे चालू होतं. त्यांच्या यादीत 2139 नावं आहेत. एका व्हिसावर अख्खं कुटुंब जायचं, त्यामुळं सुटलेली माणसं त्याहून जास्त.

ट्रान्स-सायबेरियन रेल्वेनं व्लादिवोस्तोक, तिथून बोटीनं जपानचं त्सुरुगा बंदर. मग कुणी अमेरिकेला गेलं, कुणी पॅलेस्टाईनला, कुणी शांघायला. मागं राहिलेल्या लिथुआनियातल्या बहुतेक ज्यूंना पुढच्या वर्षापासून नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी मारून टाकलं.

युद्धानंतर सुगिहारा कुटुंबासह सोव्हिएत छावणीत अडकले. 1947 मध्ये मायदेशी परतले, तर परराष्ट्र खात्यानं राजीनामा मागितला. पुढं त्यांनी मिळेल ती कामं केली, कितीतरी वर्षं मॉस्कोत व्यापारी कंपनीत नोकरी केली. आपण लिहिलेल्या व्हिसांचं काय झालं, हे त्यांना कळलं थेट 1968 मध्ये. त्यांच्याच व्हिसावर वाचलेला एक माणूस टोकियोतल्या इस्रायली दूतावासात अधिकारी होऊन आला आणि त्यानं त्यांना शोधून काढलं.

1984 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्यांचा गौरव केला. 1986 मध्ये ते गेले. ज्या खात्यानं त्यांना घरी बसवलं, त्याच खात्याच्या अभिलेखागारात त्यांच्या नावाची पाटी लागली ती 2000 मध्ये.