स्टेथोस्कोपने डॉक्टर ऐकतात, मग त्याच्या नावात ‘बघणं’ कुठून आलं?

डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप छातीला लावतात आणि मोठा श्वास घ्यायला सांगतात. म्हणजे सगळं काम कानाचं. पण नाव फोडून बघा. ग्रीक भाषेत ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे बघणं, तपासणं. हे नाव ठेवलं फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक यांनी.

त्यांचा जन्म १७८१ चा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. पाच वर्षांचे असताना आई गेली. नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवलं आणि वैद्यकीची गोडीही तिथेच लागली. पुढे पॅरिसला जाऊन ते डॉक्टर झाले. बासरीही वाजवायचे.

तेव्हा डॉक्टर थेट रुग्णाच्या छातीला कान लावायचे. १८१६ साली लाएनेक यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणं बरं दिसलं नसतं. शिवाय ती अंगाने स्थूल, त्यामुळे बोटांनी ठोकून तपासूनही काही कळेना. तेव्हा त्यांना आठवलं, लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. हृदयाचे ठोके थेट कान लावल्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आले!

मग त्यांनी साधारण फूटभर लांबीची लाकडी नळी केली. ते तिला नुसतं ‘सिलिंडर’ म्हणायचे. नावाची गरजच त्यांना वाटत नव्हती. पण लोक वाट्टेल ती नावं देऊ लागले, म्हणून शेवटी त्यांनीच ‘स्टेथोस्कोप’ हे नाव दिलं.

आणि ते चपखल होतं. रुग्ण जिवंत असताना छातीत कोणते आवाज ऐकू आले आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात काय सापडलं, याचा मेळ ते घालत गेले. त्यामुळे फुप्फुसात काय बिघडलंय हे ऐकूनच ‘दिसू’ लागलं, तेही एक्स-रेच्या शोधाआधी जवळपास ८० वर्षं. १८१९ मध्ये यावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात टीबीच्या आवाजांचं बारकाईने वर्णन होतं.

१८२६ मध्ये लाएनेक स्वतः खंगत चालले होते. डॉक्टर असलेल्या पुतण्याने, मेरियादेकने, त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली. ऐकू आलेले आवाज टीबीचे होते. त्याच वर्षी १३ ऑगस्टला, वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले. मृत्युपत्रात आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकच्या नावे केला होता.